पट्टीखालची अक्षरं

बाईंनी पांढऱ्या पुठ्ठ्याची पट्टी माझ्या अक्षरांवर ठेवली आणि माझ्या नातीला म्हणाल्या, "आता वाच."

नात गप्प राहिली. पट्टीच्या वर इंग्रजी शब्द होते, मोठे, छापील. पट्टीखाली मी पेन्सिलीनं लिहिलेले त्यांचे मराठी उच्चार होते. नातीनं पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिचं बोट शब्दाखाली होतं, पण पुढं सरकत नव्हतं. बाईंनी पट्टी काढली. नातीनं घडाघडा वाचलं. बाईंनी पट्टी परत ठेवली. नात परत गप्प. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि मागं आपला नंबर यायची वाट बघत बसलेले आईबाप बोलायचे थांबले.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

माझी सून टेबलाच्या कडेकडं बघत होती. मी म्हटलं, "मी लिवलंय."

"आजी, ही इंग्रजी वाचतच नाही," बाई म्हणाल्या. "पाच महिने ही तुमचं मराठी वाचतेय."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मला त्याचाच जास्त राग आला. ओरडणाऱ्याच्या पोटात काय आहे ते लगेच कळतं. हळू बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे ते हुडकावं लागतं.

मी चौथी शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे मी शाळा सोडली तिथून पुढं. त्यामुळं इंग्रजीचं एकही अक्षर मला येत नव्हतं आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही. कसबा बावड्यात चार म्हशी सांभाळल्या, मुलगा शिकवला, नवरा गेल्यावर म्हशी विकल्या. आता मुलगा वारणानगरला नोकरीला आहे. तो उजाडायला घर सोडतो आणि दिवे लागल्यावर येतो. सून शाहूपुरीत एका ऑफिसात फोन घ्यायच्या आणि पत्रं टाईप करायच्या कामावर आहे. नात पहिलीत, इंग्रजी शाळेत. दुपारी साडेबाराला शाळेची व्हॅन तिला आमच्या फाटकाशी सोडते आणि सहा वाजता सून येते. मधले साडेपाच तास नात माझ्याकडं असते. तेवढे तास सोडले तर माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही नाही. टीव्ही मला आवडत नाही. देवळाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या बायकाही आवडत नाहीत.

जूनमध्ये शाळेनं सांगितलं होतं की इंग्रजीचे आवाज पक्के व्हायला घरी रोज पंधरा मिनिटं कुणीतरी सराव घ्यायचा. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांनी मूल शाळेशेजारच्या डे-केअरमध्ये ठेवावं, तिथं एक शिकलेली मुलगी संध्याकाळपर्यंत मुलं सांभाळते आणि सरावही घेते. सुनेनं हे मला जेवताना सांगितलं. डे-केअरचं वाक्य तिनं जरा हळू सांगितलं, आणि लगेच भाकरी वाढली. मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

मी म्हटलं, "सराव मी घेतो. तू काळजी करू नको."

"आत्ती, तुम्हाला ए बी सी डी येत न्हाय."

"पोरीला येतंय की."

तेव्हापासून आमचं सुरू झालं. बाई रोजचे शब्द आपल्या आवाजात भरून शाळेच्या ग्रुपवर टाकायच्या. माझ्याकडं मुलाचा जुना फोन आहे. नात तो लावायची, मी ऐकायची, आणि पुस्तकातल्या प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात मराठीत लिहायची. बॅट. पेन. पिन. पॉट. कप. मग नात वाचायची आणि तिचं वाचन फोनमध्ये भरून बाईंना पाठवायची. बाईंकडून टाळ्या वाजवणारे हात यायचे.

ह्यात काही खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. आमच्याकडं इंग्रजी असंच शिकतात. माझ्या मुलाचं पाचवीचं गाईड तसंच होतं, वर इंग्रजी, खाली मराठी उच्चार, त्याखाली अर्थ. आमच्या गल्लीत जो कोणी शिकला तो त्या मधल्या ओळीवर शिकला. आणि नातीचं मराठी पक्कं होतं, कारण ते मी घेतलेलं. शाळेनं मराठी सुरू करायच्या आधी बाराखडी मी तिच्याकडून पाटीवर गिरवून घेतली होती. ती मराठी इतकं सपासप वाचायची की वरच्या ओळीकडं तिला बघावंच लागायचं नाही. हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

सुनेनं ते पुस्तक दोन-तीनदा उघडलेलं मी बघितलं होतं. खालची ओळ तिला दिसली असणार. ती काही बोलली नाही. का बोलली नाही, ह्यावर मी पुढं बरेच दिवस घालवले.

इकडं वर्गात बाईंना कोडं पडलेलं. घरून येणारा आवाज खणखणीत, आणि वर्गातल्या कोऱ्या पुस्तकासमोर पोरगी मुकी. म्हणून त्यांनी पालकसभेला घरचं पुस्तक घेऊन यायला सांगितलं. मला वाटलं, कौतुक करायला बोलावलंय. मी इरकल नेसून गेले होते.

त्या दिवशी उठायच्या आधी सून बाईंना म्हणाली की एक तारखेपासून मुलीला डे-केअरला घालते. बाईंनी जरा विचार केल्यासारखं केलं. म्हणाल्या, एक महिना थांबा. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या अर्धा तास पालकांना आवाज शिकवतात. घरातलं कुणीही एक माणूस आलं तर चालेल. महिन्यानं परत बघू. सून म्हणाली, शनिवारी तिला सुट्टी मिळत नाही.

"मी येतो की," मी म्हटलं.

मागं कुणीतरी हसलं. कोण ते बघायला मी वळले, पण सगळ्यांनी तोंडं सरळ केली होती.

घरी येताना आम्ही तिघी सुनेच्या स्कूटीवर होतो, नात पुढं उभी, मी मागं. फाटकाशी उतरल्यावर नात मला म्हणाली, "आज्जी, तू पट्टीच्या खाली का लिहिलंस? वर लिहायचं की."

आता मला दोघींचा संशय होता.

पहिला बाईंचा. अर्धा तास जास्त थांबून कोण कुणाला फुकट शिकवतं? आणि महिनाच का? मला वाटलं, डे-केअर ह्यांच्याच कुणाचं तरी असणार. महिनाभर म्हातारीला बसवायचं, तिला काही येत नाही असं सगळ्यांसमोर ठरवायचं, म्हणजे पोरगी आपसूक तिकडं. मी व्हॅनवाल्याला गाठलं. तो नवीनच होता. म्हटलं, पावणं, ते डे-केअर कुणाचं हाय? तो म्हणाला, चालवणारी मुलगी गडहिंग्लजकडची आहे, बाईंची कुणी नाही. मग त्यानं मला विचारलं की मला कशाला पाहिजे. मी त्याला सांगितलं नाही.

दुसरा संशय सुनेचा. तो जुना होता आणि जास्त पक्का होता. मला वाटलं, सगळं आधीच ठरलेलं आहे आणि पालकसभा हे नुसतं निमित्त. रविवारी ती न्हायला गेली तेव्हा मी तिची पर्स उघडली. आतल्या कप्प्यात घडी घातलेला कागद होता. वर घराचं आणि फुग्यांचं चित्र, कोपऱ्यात नातीचा फोटो चिकटवलेला. सगळ्या ओळी निळ्या पेनानं भरलेल्या. सगळं इंग्रजीत. मला कळली ती फक्त खालची सही, कारण सून सही मराठीत करते. फोटोचा कोपरा पिवळा पडला होता, म्हणजे कागद ताजा नव्हता. पालकसभेच्या आधीचा होता.

मी घडी होती तशी घातली आणि पर्स होती तिथं ठेवली. मुलाला सांगितलं नाही. त्यानं दोन्हीकडून मान हलवली असती.

पहिल्या शनिवारी मी गेले. वर्गातल्या पोरांच्या तीन तरुण आया आल्या होत्या. बाक लहान मुलांचे, गुडघे हनुवटीला लागत होते. बाईंनी फळ्यावर पाच अक्षरं काढली आणि सांगितलं, ह्या पाचांना नाव वेगळं आहे आणि आवाज वेगळा आहे. आपल्याला नाव नको, फक्त आवाज पाहिजे, तोही आखूड. पहिल्याचं नाव ए, पण त्याचा आखूड आवाज ॲ. दुसऱ्याचं नाव ई, पण आवाज ए, तोही अर्धवट तोडलेला.

मला हे अजिबात आवडलं नाही. आपला क हा क आहे. त्याला हाक मारली की तोच येतो. ज्याचं नाव एक आणि बोलणं दुसरं, आणि तिसऱ्याच शब्दात गेला की बोलणंही बदलतो, असल्या अक्षरावर सहा वर्षांच्या पोरीला का सोडायचं? मी हे बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं बरोबर आहे. म्हणूनच एकेकाला पकडून तपासायचं." हे उत्तर मला पटलं, पण मी मान हलवली नाही.

मग त्यांनी हाताचा पंजा आडवा करून हनुवटीखाली धरायला सांगितला. इ म्हणताना जबडा जवळजवळ मिटलेला. ए म्हणताना हाताला थोडा दाब लागतो. ॲ म्हणताना जास्त. ऑ म्हणताना जबडा आणखी खाली आणि ओठ गोल. आणि शेवटी अ, पोटात कुणी कोपर मारल्यावर निघतो तसा, तोंडाचं काही न करता. आवाज ऐकू आला नाही तरी हात सांगतो, असं त्या म्हणाल्या. हे मला बरं वाटलं. माझ्या डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

ॲ मला पहिल्या झटक्यात आला. म्हशी हाकताना चाळीस वर्षं हॅ हॅ करत आलेय. ऑ तर मी कमी ऐकू येतं म्हणून दिवसातून पन्नास वेळा म्हणते. पण ॲ ला जबडा इतका खाली गेला की माझी वरची कवळी सुटली आणि हातात आली. आया तोंडाला पदर आणि ओढण्या लावून बसल्या. बाईंनी खिशातून फोन काढला. मी म्हटलं, फोटो काढायचा न्हाय. त्या म्हणाल्या, फोटो नाही, किती वाजले ते बघतेय. मी फोन आत जाईपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिले. पुढच्या शनिवारी कवळी काढून पिशवीत ठेवली आणि मगच बसले.

अडला तो ए. आपला ए लांब आहे. तो आला की जरा बसतो. ह्यांचा ए दारातच तोडायचा. मी बेड म्हटलं की बाई नाही म्हणायच्या. तोडायला गेले की त्याचा बॅड व्हायचा. तीन शनिवार मी त्या एका आवाजात अडकले.

घरी दुपारी आता नात मास्तरीण आणि मी विद्यार्थिनी. बाकीची अक्षरं तिनंच मला ओळखायला शिकवली. ती माझ्या समोर मांडी घालून बसायची, स्वतःचा हात स्वतःच्या हनुवटीखाली आणि दुसरा माझ्या. चुकलं की गुडघ्यावर चापटी. तिला त्यात फार मजा वाटायची. मला चापटीचं काही नव्हतं. पण तिला खरंच येतंय की परत कुठून तरी चोरून वाचतेय, हे मला कळत नव्हतं, आणि एकदा फसलेय म्हटल्यावर मी तिच्यावरही विश्वास ठेवायचं सोडलं होतं.

पुस्तकातली माझी सगळी अक्षरं मी एका दुपारी खोडरबरनं पुसून काढली. दुसऱ्या दिवशी तिनं फडाफड वाचलं. मला बरं वाटायला लागणार इतक्यात लक्षात आलं की ती पुस्तक खिडकीकडं कलतं धरून वाचतेय. मी पेन्सिल दाबून लिहिते. कागदावर वळ उठले होते, आणि उजेड तिरपा पडला की ते दिसत होते. पोरगी माझे वळ वाचत होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाय. दिसतंय की."

मी पुस्तक काढून घेतलं. तिला रडू दिलं. संध्याकाळी सुनेला सांगितलं की शाळेतल्या कोऱ्या पुस्तकाची झेरॉक्स पाहिजे. तिनं का म्हणून विचारलं. मी वळांचं सांगितलं. सून पुस्तक ट्यूबलाईटखाली धरून बघत राहिली आणि हसायला लागली. त्या महिन्यात ती घरात पहिल्यांदा हसली. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं झेरॉक्स आणली.

झेरॉक्सवर पोरगी आधी सगळीकडं अडली. मग एकेक आवाज लावत, हनुवटीखाली हात धरत, रोज दोन-दोन शब्द पुढं गेली. मी तिच्याबरोबर तेच वाचत होते. चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती झोपली आणि ए मला आला. कसा आला ते सांगता येत नाही. मी भांडी पुसत होते, बेड म्हटलं, आणि तो तुटला. दहा वेळा म्हणून बघितलं, दहा वेळा तुटला.

हात पुसले आणि पर्सकडं गेले. त्या दिवशी सून छोटं पाकीट घेऊन गेली होती, मोठी पर्स खुंटीला होती. कागद आत होताच. छापलेलं सगळं कॅपिटल अक्षरांत होतं, ती मला येत नव्हती, पण निळ्या पेनानं भरलेली छोटी अक्षरं ओळखीची होती. मधल्या एका ओळीवर एक लांब शब्द होता. मी आवाज लावत गेले. त्यात ॲ चं अक्षर पुष्कळदा होतं. ॲ ॲ करत वाचलं तर कुणा परक्या बाईचं नाव असावं असं काहीतरी झालं. मग ॲ च्या जागी आपले अ आणि आ लावून परत वाचलं, आणि कळलं की ते माझं नाव आहे. पुढं आडनावही होतं.

ते कशासाठी लिहिलंय ते कळायला छापलेलं वाचता यायला हवं होतं, ते येत नव्हतं. पण मला कल्पना करता येत होती. मूल डे-केअरला का घालताय, असं विचारलं असणार, आणि कारण म्हणून माझं नाव टाकलं असणार. चौथी शिकलेली, कमी ऐकणारी, खोट्या ओळी लिहिणारी. मी कागद तसाच ठेवला आणि सहा वाजायची वाट बघितली.

सून आली, चहा घेतला, आणि मेथी निवडायला माझ्यासमोर बसली. नात बाहेर सायकल फिरवत होती.

"त्या कागदावर माझं नाव कशाला घातलंयस?" मी विचारलं.

"कुठल्या कागदावर?"

"तुझ्या पर्समधल्या."

तिचा हात थांबला. "तुम्ही माझी पर्स उघडता व्हय, आत्ती?"

"उघडतो. नाव कशाला हाय ते सांग."

ती उठली. मला वाटलं, आता मुलाला फोन लावणार. तिनं पर्स आणली, कागद काढला, मेथीवरच पसरला आणि माझ्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पोरीला न्यायला कोण येणार, असं हाय इथं. मग कुणाचं घालू? दुसरं कोण हाय?"

मी म्हटलं, हा कागद पालकसभेच्या आधीचा आहे. ती म्हणाली, आधीचाच आहे. गणपतीच्या आधी मीच पाच दिवस तापानं पडून होते, उठता येत नव्हतं, तेव्हा व्हॅन पोरीला कुणाच्या दारात सोडणार होती? तिनं चार दिवस सुट्टी काढली, पाचव्या दिवशी साहेबांनी नाही म्हटलं, म्हणून कागद भरून ठेवला. मग मी उठले आणि तो तसाच राहिला.

ताप आला होता हे खरं होतं. मी दुसरं काढलं. "आणि खालची ओळ तुला दिसत हुती. तवा का बोलली न्हाईस?"

सुनेनं मेथीची एक काडी खुडली.

"काय बोलू? मी बी तसंच शिकलोय," ती म्हणाली. "ऑफिसात फोनवर काय बोलायचं ते अजून मराठीत लिहून टेबलावर ठेवतो. मला कुठं माहीत, ते चुकीचं हाय?"

ती पुढं म्हणाली, "वाचता आलं म्हणून सापडलं तुम्हाला नाव. न्हायतर नुसती पर्स उचकून काय घावलं असतं?"

हे तिनं टोचूनच म्हटलं होतं. मी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

महिना भरला त्या शनिवारी सुनेनं अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघी गेलो. बाईंनी टेबलावर चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर तीन अक्षरांचा एक शब्द. नातीला वाचायला सांगितलं. ती हनुवटीखाली हात धरून वाचायला लागली, आणि मला त्यातला एकही शब्द ओळखीचा वाटेना. मी विचारलं, ह्याचा अर्थ काय?

"अर्थ नाही," बाई म्हणाल्या. "मी मनानं बनवलेत."

मला वाटलं, आता ह्यांनी डाव टाकला. बिनअर्थाचे शब्द लहान पोरीला कोण देतं? बाई म्हणाल्या, अर्थ असला की मुलं चित्र बघून, सवयीनं, कुणाची ओळ आठवून बोलतात. ह्यांना कुठूनच मदत नाही. खरं वाचता येत असेल तरच वाचता येतील. हे मी डोक्यात फिरवून बघितलं आणि मला त्यात फट सापडली नाही. फसवणूक पकडायला मी असंच काहीतरी केलं असतं.

नातीनं दहातले आठ बरोबर वाचले. एका ठिकाणी ती ए वर अडली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मग तिचा तिनं तोडला.

मला वाटलं, झालं. पण बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आजी, तिला आता येतंय. पण रोज घरी ऐकणार तुम्ही. तिचं चुकलं तर तुम्हाला कळतं का, एवढं मला बघायचंय. मी वाचते. मध्ये मुद्दाम चुकणार. कुठं ते सांगा."

सून पुढं सरकून बसली. मी कवळी काढून पिशवीत टाकली, उजवा कान बाईंकडं केला आणि त्यांच्या हनुवटीवर नजर ठेवली. त्या चिठ्ठी माझ्यासमोर धरायच्या आणि वाचायच्या. पहिल्या दोन बरोबर होत्या. तिसरीत अक्षर ॲ चं आणि त्यांची हनुवटी कमी खाली आली. मी म्हटलं, "चुकला." पुढच्या बरोबर. सहावीत इ च्या जागी त्यांनी लांबण लावली. "चुकला." आठवीत ए. तो माझा अडलेला आवाज होता. मी त्यांना परत वाचायला लावलं. परत वाचला. मी तोच शब्द आपल्या तोंडात म्हणून बघितला, हनुवटीखाली हात धरून, आणि माझा त्यांच्यापेक्षा वर राहिला.

"चुकला," मी म्हटलं. "तुम्ही ॲ केलासा."

बाई हसल्या. दहावी चिठ्ठी वाचली. ऑ होता, आणि त्यांचे ओठ मला हवे तेवढे गोल झाले नव्हते.

"ह्यो बी चुकला."

"नाही आजी, हा बरोबर होता. मी तीनच चुका केल्या. तुम्ही तिन्ही पकडल्या."

"चार," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचला. नात म्हणाली बरोबर आहे, सूनही म्हणाली बरोबर आहे. मला अजून पटलेलं नाही.

बाहेर आल्यावर सुनेनं स्कूटीची किल्ली लावली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मास्तरणीच्या बी चुका काढतायसा. पोरीची काय धडगत." मग नातीला पुढं उभी केली. डे-केअरचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. सोमवारी एक तारीख होती. मी सव्वाबारापासून फाटकाशी उभी होते. साडेबाराला व्हॅन आली आणि नात आमच्या दारात उतरली.

त्याला आता काही महिने झाले. रोज दुपारी पंधरा मिनिटं आम्ही बसतो, आणि सून कधी कधी संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या चिठ्ठ्या घेऊन येऊन बसते. तिचाही ए लांब आहे. फोटो लावलेला तो कागद अजून तिच्या पर्समध्ये, त्याच कप्प्यात आहे. तिनं तो का फाडला नाही ते मला माहीत नाही. मी अधूनमधून उघडून बघते.

पट्टी ठेवली त्या दिवशी त्या टेबलाशी बसलेली मी, चौथी पास, वय एकाहत्तर, आणि माझ्या शेजारी माझी सून आणि सहा वर्षांची नात, तिघींनाही खालची ओळ लागत होती.